चौऱ्याऐंशी बटणं आणि एक नंबर

आमच्या घरात प्रत्येक वस्तूला नंबर होता. न्हाणीतल्या बादलीवर पांढऱ्या ऑइलपेंटने ‘घ./न्हा./२’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे घर, न्हाणी, बादली दुसरी. पहिली बादली फुटली तेव्हा तिचा नंबर दुसरीला द्यावा असं आईचं म्हणणं होतं, पण बाबांनी ते मानलं नाही. गेलेल्या वस्तूचा नंबर दुसऱ्या वस्तूला देत नसतात, असा नियम होता म्हणे. पोळपाटाच्या पाठीवर नंबर, मुसळावर नंबर, देवघरातल्या घंटेच्या आतल्या अंगाला नंबर. परसातल्या सीताफळाच्या झाडाला दर दिवाळीला तोच नंबर नव्याने मिळायचा, कारण साल वाढली की जुने आकडे फाकायचे. बाबा मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका सरकारी कार्यालयात भांडार सांभाळत. तिथल्या खुर्च्या, कपाटं, सुरया, पंखे या सगळ्यांवर नंबर टाकण्याचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याच हातात होतं. खारीच्या केसांचा एक बारीक ब्रश होता त्यांच्याकडे. तो ते कुणाला हात लावू देत नसत, आणि त्याच्या दांड्यावरही नंबर होता. आकडे मात्र खरोखर देखणे काढायचे. बदली होऊन आलेला प्रत्येक नवा साहेब एकदा तरी आपली खुर्ची उलटी करून पाहायचा आणि बाबांना बोलावून कौतुक करायचा, आणि ती गोष्ट आम्हाला घरी चिन्नोर तांदळाचा भात आणि गोळ्याच्या आमटीबरोबर आठवडाभर पुरायची.

बाबांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाबा चुकत नसत. घरात चुका व्हायच्या, भरपूर व्हायच्या, पण त्या वस्तूंच्या असायच्या. दूध उतू गेलं तर दुधाची चूक. छोट्या लाईनची, म्हणजे नॅरोगेजची, गाडी चुकली तर गाडीची चूक. एकदा त्यांनी गोंदियाऐवजी कटंगीच्या डब्यात आम्हाला बसवलं आणि वारासिवनी आल्यावर, “या गाडीचं काही खरं नाही,” म्हणत उतरवून घेतलं. आई नुसती पदराआड हसली, आणि वारासिवनीच्या बाजारातून दोन किलो वांगी घेऊन आम्ही परत आलो.

मोठी बहीण नंदाताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. ती हिंदी आणि इंग्रजी टायपिंग शिकली ते काली पुतली चौकाजवळच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये. तिथल्या मशिनी इतक्या जुन्या होत्या की अक्षर उमटायला बोटाचा जोर पुरत नसे, खांद्यापासून हाणावं लागे. चार वर्षं तशी हाणून हाणून तिची बोटं कायमची कामाला लागलेली. ताटाच्या कडेवर, पाट्यावर, सायकलच्या हँडलवर, आणि दुपारी मी शेजारी लवंडले तर माझ्या पाठीवर ती टाइप करत असायची. हिंदी टायपिंगचा अख्खा नकाशा मी असा पाठीवरून शिकले. पुढे पुढे मला तिची बोटं नुसती पाहूनही वाचता येऊ लागली. आमची आत्याबाई आली की ताई तोंडाने गोड हसून “या, बसा” म्हणायची आणि मांडीवर जे टाइप करायची ते मी वाचायचे. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या वर्षी ताईला लिपिकाच्या परीक्षेला बसायची शेवटची संधी होती. आधी दोनदा ती थोडक्यात हुकली होती, आणि पुढच्या वर्षी वयाची अट ओलांडणार होती. तिरोड्याच्या एका गृहस्थांचं स्थळ आलं होतं. बायको गेलेली, स्वभावाने बरे, स्वतः येऊन आमच्या ओट्यावर चहा पिऊन गेलेले. बाबांनी सांगून टाकलं होतं, “ही परीक्षाही हुकली का तिरोड्याले होकार कळवून टाकू.” ताईचा त्या गृहस्थांवर राग नव्हता. ती एवढंच म्हणाली, “बाबा, मले माझी एक खुर्ची पाहिजे. मग तिच्यावर कोणाचाही नंबर असो.” बाबांना ते लागलं की नाही, ते तेव्हा आम्हाला कळलं नाही.

आणि नेमकी त्याच वर्षी परीक्षा कम्प्युटरवर घ्यायचं ठरलं. पूर्वी टायपिंगच्या परीक्षेला आपापली मशीन घेऊन जायची पद्धत होती. परीक्षेच्या दिवशी हातगाड्यांवर, रिक्षांत, डोक्यावर टाइपरायटर यायचे. ज्याने नवी सूचना काढली त्याने जुनी समोर ठेवूनच ती उतरवली असावी, कारण तीत लिहिलं होतं की कम्प्युटर केंद्रावर मिळेल, की-बोर्ड मात्र अभ्यर्थ्याने स्वतःचा आणावा. शहरात तेव्हा एकच कम्प्युटर क्लास उघडला होता. ताई तिथे सरावाला गेली आणि पहिल्याच दिवशी तिने त्यांच्या नाजूक की-बोर्डची तीन बटणं उडवली. एक बटण पंख्याला लागून परत आलं. क्लासचा चालक भला माणूस होता, तो हात जोडून म्हणाला, “दीदी, ये की-बोर्ड है, ओखली नहीं. आप अपना ले आइए, कंप्यूटर पर जितना चाहे बैठिए.” मी आज ज्या लॅपटॉपवर हे लिहिते आहे त्याची बटणं चपट्या बिस्किटांसारखी आहेत. ताई घरी आली की मी तो कपाटात ठेवते.

तर हे ऐकून चार दिवसांनी बाबा सायकलच्या कॅरियरवर पोत्यात बांधून काहीतरी घेऊन आले. त्यांच्या कार्यालयात मोडीत काढलेल्या सामानाचा लिलाव होता. पोतं ओट्यावर ठेवताना धप्प आवाज झाला. “कम्प्युटर आणला,” बाबा म्हणाले.

आईने पोतं उघडलं. आत पिवळट पडलेला, परातीएवढा लांबरुंद, लोखंडासारखा जड की-बोर्ड होता आणि त्याला शेपटासारखी गुंडाळी वायर. आई म्हणाली, “अजी, याचा टीव्ही कुठे हाये?”

“तो वरचा भाग. शोभेचा असते. सगळं काम हाच करते.”

“मग हे लिवलेलं दिसन कुठे?”

“तू काहून एवढे प्रश्न करून राह्यली?” बाबा म्हणाले आणि त्यांनी तो उलटा केला. पाठीवर पांढऱ्या रंगात कार्यालयाचा लांबलचक नंबर होता, शेवटी ठसठशीत ‘१४’. “पाहा. बारा वर्षं झाली टाकून. टवकासुद्धा उडाला नाही. तीन हात दिले होते मी याले.” मग त्यांनी तो सुलटा करून अंगठ्याने मधली लांब पट्टी दाबली. ती अर्ध्यावर जाऊन अडली. दोन दिवस बाबा हाच कम्प्युटर आहे असं म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी आईने तो पालथा घालून पापडाचं पीठ त्याखाली दाबून ठेवलं, तेव्हा ते उठले आणि मला म्हणाले, “बेबी, चाल. रामटेकेकडे.”

रामटेकेकाकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान स्टेशनच्या रस्त्याला होतं. ते वारासिवनीहून रोज छोट्या गाडीने येत. निळा शर्ट, खिशाला टेस्टर, आणि बोलणं इतकं सावकाश की वाक्य संपेपर्यंत गिऱ्हाईक स्टुलावर बसून घ्यायचं. कुठलीही वस्तू बिघडली आहे असं ते कधी म्हणत नसत, रुसली आहे म्हणत. त्यांनी वायरचं टोक भिंगाखाली धरलं. गोल प्लग, आत पाच दात. “साहेब,” ते म्हणाले, “हे तर टेपरेकॉर्डरचं बोंड दिसते.” आणि त्यांच्याकडच्या अॅम्प्लिफायरला मागे तसंच भोक होतं. त्यात ते बरोब्बर बसलं. बाबांनी एक बटण दाबलं. स्पीकरमधून मोठ्याने आवाज आला, घूंऽऽ.

“बोलते!” बाबा ओरडले. रस्त्यावरचे चारजण आत आले. ताईला घरून बोलावण्यात आलं. बाबांनी तिला स्वतःचं नाव टाइप करायला लावलं आणि सगळ्यांनी कान लावले. घूंऽ घूंऽ घूंऽऽ. एकजण म्हणाला, “नंदा जैसा ही आ रहा है.” दुसऱ्याने आपलं नाव घालून पाहायची इच्छा दाखवली. शेवटी रामटेकेकाकांनी प्लग काढून घेतला आणि म्हणाले, “साहेब, हे बोलून नाही राह्यलं. कण्हून राह्यलं. याले त्याच्या घरच्याच मशीनले लावा लागते.”

म्हणून दुकान बंद करून काकाही आमच्याबरोबर क्लासमध्ये आले. चालकाने बाबांचा की-बोर्ड पाहून दोन पावलं मागे घेतली, पण प्लग लावू दिला. तो तिथेही चपखल बसला. कम्प्युटर सुरू झाला, की-बोर्डच्या कोपऱ्यातले तीन हिरवे दिवे एकदाच लुकलुकले आणि विझले. ताईने बटणं हाणली. पडद्यावर काही नाही. “गया,” चालक म्हणाला.

“गेलं कसं?” रामटेकेकाका म्हणाले. “दिवे लागले ना? जीव हाये याच्यात. रुसलं हाये.”

दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर सतरंजी घालून काकांनी तो माझ्या पुढ्यात ठेवला आणि पेचकस माझ्या हातात दिला. त्यांची बोटं जाड, माझी बारीक. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि तोवर पेचकसाने फक्त शिलाई मशीनचा पाय काढला होता. झाकण उचललं आणि आम्ही सगळे आत वाकलो. आत टाचण्या होत्या, फाइलच्या लाल फितीचा तुकडा होता, मेलेल्या मुंग्यांची एक आख्खी वस्ती होती, आणि या सगळ्यावर लालपिवळा, चिकट, कडक झालेला थर होता. काकांनी नखाने उकरून वास घेतला. “साहेब, हे कुंकू हाये.”

दसऱ्याला सगळ्या कार्यालयांत टेबलं, मशिनी, गाड्या यांची पूजा होते. बाबांच्या कार्यालयातही व्हायची. दर दसऱ्याला की-बोर्डवर हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या आणि वरून नारळाचं पाणी. मधली पट्टी अर्ध्यावर अडत होती ती अक्षतांवर. मी चिमट्याने काढत गेले आणि आई वाटीत जमा करत गेली. चांगली अर्धी वाटी भरली. “पूजा कोण सांगे?” आईने विचारलं. बाबा झेंडूच्या वाळक्या पाकळीकडे पाहत म्हणाले, “मीच. पण नारळाले एवढं पाणी असन हे कोणाले माहीत?”

पुढचं काम आईने हातात घेतलं, आणि ते बरं झालं. चौऱ्याऐंशी बटणं उपटून तिने पितळेच्या पातेल्यात रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजत घातली. आतला पत्रा आणि स्प्रिंगा काकांनी स्पिरिटने पुसल्या. कानाकोपऱ्यांतलं कुंकू निघेना, तेव्हा बाबा आत गेले आणि आपला खारीच्या केसांचा ब्रश घेऊन आले. मला तो त्यांनी स्वतः हातात दिला. धुतलेली बटणं आईने सुपात पसरून गच्चीवर मुंगवड्यांशेजारी वाळत घातली आणि कावळ्यांसाठी काठी घेऊन बसली. संध्याकाळी मोजली तर त्र्याऐंशी. आम्ही गच्ची झाडली, परस झाडलं, मुंगवड्या एकेक करून पाहिल्या. जेवताना बाबांनी वरणातून काहीतरी बोटाने बाजूला काढलं, तमालपत्र काढतात तसं, आणि ताटाच्या कडेला ठेवलं. ते प्रश्नचिन्हाचं बटण होतं. आईने नुसतं उचललं आणि धुवायला गेली.

बटणं परत बसवताना वेगळाच तंटा. कुठलं कुठे होतं हे आमच्यापैकी कुणी लिहून ठेवलं नव्हतं. बाबांनी कामावर जाण्याआधी बसून सगळी इंग्रजी अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने ओळीत बसवून टाकली आणि हात पुसले. ताई आली, पाहिलं, आणि तिने कपाळाला हात लावला. “बाबा, असं नसते.”

“काहून नसते? क्रमानं लावलं का सापडाले सोपं. ज्यानं पहिले लावलं त्याले एबीसीडी येत नसन.”

बाबा गेल्यावर ताईने डोळे मिटले आणि बोटं हवेत धरली. मी तिच्यासमोर बसून बटणं उपटत होते आणि ती बोटांना विचारून सांगत होती, डाव्या करंगळीखाली हे, तिच्या वर ते. एकदाही चुकली नाही. ज्यांना तिची बोटं ओळखत नव्हती अशी कडेची बटणं आम्ही क्लासच्या की-बोर्डकडे पाहून लावली. झाकण बसवून पुसल्यावर तो असा साजरा दिसायला लागला की आईने त्याच्यासाठी जुन्या परकराचा गवसणीसारखा अभ्रा शिवला, नाडीसकट.

क्लासमध्ये जाऊन लावला. तीन दिवे लुकलुकले आणि विझले. पडदा कोराच्या कोरा. परीक्षेला दहा दिवस उरले होते. चालकाने पंखा थोडा वाढवला. ताईने अभ्रा चढवून नाडी बांधली आणि घरी आल्यावर आईला विचारलं, “तिरोड्याचे लोक येतीन तेव्हा कोणती साडी नेसू?” तिची बोटं मांडीवर पडून होती. मी पाहत राहिले, ती हलतच नव्हती. माझ्या आठवणीत पहिल्यांदा ती अशी होती आणि मला रडू आलं. मी परसात जाऊन नंबर टाकलेल्या सीताफळाला टेकून रडून घेतलं.

रामटेकेकाकांचा मामेभाऊ नागपूरला कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. काकांनी त्याला फोन लावला आणि आपल्या सावकाश बोलण्यात सगळी हकिकत सांगितली, दिव्यांसकट, कुंकवासकट. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते आले ते दुकान न उघडताच आमच्याकडे. “साहेब, पत्ता लागला,” ओट्यावर बसत ते म्हणाले. “हा जुन्या मशीनच्या काळचा हाये. पण बनवणारानं पुढचा विचार केलता. याच्या पाठीवर एक खटका असते. इकडे सरकवला का जुन्या मशीनशी बोलते, तिकडे सरकवला का नव्या मशीनशी. आपला जुन्यावर अडून बसला असन.”

आम्ही तो उलटा केला. खटका नव्हता. बाबांचा नंबर होता. “खटका नाही,” बाबा म्हणाले, “असता तर मले दिसला असता.”

मी नखाने चाचपत गेले. ‘१४’तल्या ‘४’च्या पोटात बोटाला उंचवटा लागला. तिरप्या उजेडात धरलं तर रंगाखाली हरभऱ्याच्या डाळीएवढी खाच, तिच्यात बारीकसा दांडा, आणि दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकमधून उठवलेली दोन-दोन इंग्रजी अक्षरं, तीही रंगात बुडालेली. तीन हात दिले होते ना. काकांनी सभ्यपणे रस्त्याकडे पाहिलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि म्हणाले, “शासकीय क्रमांक खोडता येत नसते. तो गुन्हा आहे.”

“बाबा,” ताई म्हणाली, “आता तो आपला हाये. तुम्ही लिलावात घेतला.”

“वस्तू आपली. क्रमांक शासनाचा.”

“अजी, पोरीची नोकरी त्या नंबराखाली दबून हाये!” आई असं कधी बोलत नसे. बाबा उठले आणि आत गेले. आम्हाला वाटलं रागावून गेले. तासाभराने बाहेर आले ते हातात कागद घेऊन. डाव्या हाताला समास सोडलेली, परिच्छेदांना नंबर दिलेली, हिंदीतली चक्क नोटशीट होती. कार्यालयात पंखा हलवायचा असला तरी नोटशीट चालवायची, ती त्यांनी घरी चालवली. उभं राहून वाचली. परिच्छेद एक, वस्तूचं वर्णन. परिच्छेद दोन, खटक्याचं स्थान. परिच्छेद तीन, अभ्यर्थी नंदा हिची परीक्षा. चौथ्या परिच्छेदाला आल्यावर खाकरले, “पुढचं कार्यालयीन आहे,” म्हणून ते वगळून थेट शेवटावर गेले: “कार्योत्तर स्वीकृति की प्रत्याशा में कार्यवाही की जा रही है.” म्हणजे काम आता उरकतो, मंजुरी मागाहून मिळेल या आशेवर. खाली सही केली. मंजुरी देणाऱ्या सक्षम अधिकाऱ्याची जागा कोरी सोडली, कारण आमच्या घरी तेव्हा तसा अधिकारी नव्हता. मग दाढीचं पातं घेऊन सतरंजीवर मांडी घालून बसले.

फक्त ‘४’ खरवडला त्यांनी. ‘१’ला धक्का लावला नाही. पांढरी पूड त्यांच्या धोतरावर पडत होती आणि ते ती झटकत नव्हते. खाच मोकळी झाली, पात्याच्या टोकाने त्यांनी दांडा पलीकडे सरकवला. टक् असा एवढासा आवाज आला. “झालं,” म्हणाले आणि हात धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत.

क्लासमध्ये तीन दिवे लुकलुकले. ताईने दहा बोटं ठेवली आणि जे हाणलं ते पडद्यावर सरसर उमटलं. ते आत्याबाईंबद्दल होतं. चालकाने वाचलं आणि तो लाजून बाहेर गेला. रामटेकेकाकांनीही वाचलं आणि ते छताकडे पाहायला लागले. बाबा मात्र चष्मा विसरून आले होते, आणि “वा! अक्षर किती सुंदर आहे!” असं तीनदा म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकात जे दिसलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. उशीच्या खोळीत की-बोर्ड, टॉवेलात की-बोर्ड, लहान मुलासारखा खांद्यावर घेतलेला की-बोर्ड. एक वयस्क गृहस्थ जुन्या सवयीने हातगाडीवर टाइपरायटर घेऊन आले होते आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. ताईच्या परकराच्या अभ्र्याकडे पाहून दारावरच्या पर्यवेक्षकाने विचारलं, “ये क्या है, हारमोनियम?” आई, बाबा, काका आणि मी खिडकीखाली चिंचेच्या सावलीत उभे राहिलो. घंटा झाली. आतून पावसाच्या भुरभुरीसारखा मऊ आवाज आला आणि त्याच्यावर एकदम खट् खट् खटाखट् असा ताईचा. खिडकीची तावदानं थरथरायला लागली. बाबा डोळे मिटून म्हणाले, “ही आपली.”

आणि मधेच तो थांबला. बाकीची भुरभुर चालू, ताईचं काही नाही. आईने माझा दंड धरला. काकांचे ओठ हलत होते. बाबा खिडकीकडे तोंड करून अगदी हळू म्हणाले, “रुसू नको रे बावा.” आयुष्यात त्यांनी वस्तूला समजावलेलं मी तेवढंच ऐकलं. मग आतून धाडकन काहीतरी आपटल्याचा आवाज आला, पर्यवेक्षक “अरे मॅडम!” म्हणाला, आणि खटाखट् पुन्हा सुरू झालं ते शेवटच्या घंटेपर्यंत थांबलं नाही. बाहेर आल्यावर ताईने घामेजलेली मूठ बाबांसमोर उघडली. तळहातावर तांदळाचा एक दाणा होता, कुंकवाने लाल झालेला. पट्टीखाली राहून गेलेला. तिने भर परीक्षेत की-बोर्ड उलटा करून टेबलावर आपटला होता. “घ्या तुमचा दसरा,” ती म्हणाली. बाबांनी तो दाणा कागदात पुडी बांधून खिशात ठेवला.

ताई पास झाली. पहिल्या दिवशी बाबा तिला सोडायला गेले आणि तिची खुर्ची उलटी करून पाहून आले. “आकडे गिचमिड आहेत,” एवढंच म्हणाले. तिरोड्याच्या गृहस्थांना पुढे दोन वर्षांनी ताईने स्वतःच होकार कळवला, टाइप करून, आणि ते बिचारे बालाघाटला राहायला आले. चौथा परिच्छेद आम्ही सगळे विसरून गेलो.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. रामटेकेकाकाही गेले, आणि छोटी लाईनही. मागच्या महिन्यात मी घराची आवराआवर करत होते, तेव्हा बाबांच्या पेटीत, जिच्यावर अर्थातच नंबर आहे, एक फाइल सापडली. तीत एकच कागद होता आणि त्याला टाचलेली एक पुडी. ताई शेजारीच बसली होती. ती आता कार्यालयाची अधीक्षक आहे, तिच्या सहीशिवाय तिथली पेन्सिलही हलत नाही. मी चौथा परिच्छेद मोठ्याने वाचायला घेतला आणि मला पुरा करता आला नाही, म्हणून तिने घेतला. त्यात हिंदीत लिहिलं होतं: “क्रमांक लिखते समय उक्त स्विच अधोहस्ताक्षरी के हाथ से ही पेंट हुआ। नई मशीन आने पर इसे अनुपयोगी लिखने वाला भी अधोहस्ताक्षरी ही है। वस्तु की कोई भूल नहीं है। भूल मेरी है।”

अधोहस्ताक्षरी म्हणजे खाली सही करणारा. खाली त्यांची सही होती, देखणी. तिच्याखाली सक्षम अधिकाऱ्याची जागा तशीच कोरी.

ताईची बोटं गुडघ्यावर चालत होती. मी वाचलं, पण ते तिचं आणि बाबांचं आहे. मग तिने डोळे पुसले, चष्मा लावला आणि माझ्याकडे पेन मागितलं. कोऱ्या जागेत तिने लिहिलं, “कार्योत्तर स्वीकृति प्रदान की जाती है.” सही केली, तारीख टाकली, आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

“जावक नंबर टाक बेबी,” ती म्हणाली. “बाबा वाट पाहून राह्यले असतीन.”